‘न्हाय’चं ‘नाही’

जयू, चूक माझी होती. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि तू म्हणशील, "मास्तर, मुद्द्यावर ये." मुद्दा एवढाच आहे. डोंगरीच्या स्टॉपवर तुझी बस अडकत होती ती तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. मला हे कळलं तेव्हा तुझा बारावा होऊन गेला होता.

तुझ्या कारखान्यातले लोक रस्त्यात भेटतात. चांगला माणूस गेला म्हणतात. मी मान हलवतो आणि पुढे जातो, कारण थांबलो तर बोलून टाकेन अशी भीती वाटते. आणि बोललो तरी त्यांना काय कळणार आहे? एका गेममधली एक खोटी बस, तिचं एक दार, ते बंद होत नव्हतं. त्यावरून एवढा मोठा माणूस रडतोय म्हटल्यावर लोक मला वेड्यात काढतील.

आपली ओळख बेव्हर्ली पार्कजवळच्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात झाली. माझं म्हणजे शेठचं, मी तिथे टायपिंग आणि डिझाइन करतो. तू चुलतभावाच्या होडीचा बोर्ड छापायला आला होतास. कागदावर लिहिलेलं, ‘दर्याची रानी’. मी टाइप करताना ‘राणी’ केलं. तू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतास. म्हणालास, "रानीच ठेव. होडी आमची हाय." मी तुला दहा मिनिटं ण आणि न यातला फरक समजावला. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "समजला. आता रानी कर." मागून शेठ ओरडले, "अरे मास्टर, कस्टमर जो बोले वो छापो ना." छापलं. दोन दिवस माझं डोकं दुखत होतं. तेव्हापासून मी तुझा मास्तर झालो.

त्याच दिवशी तुला माझ्या स्क्रीनवर तो बस चालवायचा गेम दिसला. तू विचारलंस, ही कुठली गाडी? मी म्हटलं, परदेशातली. "आपली का न्हाय?" मी म्हटलं, आपली कोण बनवत बसणार? तू निघून गेलास. चार महिन्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन आलास आणि माझ्या टेबलावर ठेवलास. मी उघडून बघितलं तर भाईंदर पश्चिमेचा स्टँड. रिक्षांची तीच वेडीवाकडी रांग. पुढे मिठागरं, मुर्धा, राई, मोर्वा ही खाडीकडची गावं, आणि बोंबील सुकत घातलेल्या काठ्या. मी गप्प झालो होतो. मी गप्प झालेला तू पहिल्यांदा बघितलास, नंतर कित्येकदा चिडवायचास त्यावरून.

तुझ्या आयने मला एकदा विचारलं होतं, हे मॉड मॉड म्हणजे काय असतं? मी सुरू केलं की मूळ गेम कंपनीचा असतो, पण खेळणाऱ्यांना त्यात स्वतःचे रस्ते, स्वतःच्या गाड्या घालता येतात. तिचा चेहरा बघून तू मध्ये पडलास. "आय, दुसऱ्याच्या गाडीला आपला बोर्ड लावायचा. झाला मॉड." ती म्हणाली, "मग मालक ओरडत न्हाय?" तू इतका हसलास की चहा सांडलास.

कुणी सांगितलं नव्हतं तुला हे करायला. बर्फाच्या कारखान्यात पाळी करायची, सुट्टीच्या दिवशी रस्ता बांधायचा. कंडक्टरचा आवाजही तुझाच. प्रत्येक स्टॉपवर तू विचारायचास, "कोन ऱ्हायला हाय का?" मागच्या सीटवरच्या पॅसेंजरच्या डोक्यावर शब्द उमटायचा, ‘न्हाय’. मग दार बंद व्हायचं आणि गाडी सुटायची. ज्यांच्या गावांची नावं आपल्याला वाचता येत नाहीत असे लोक ती बस चालवायला लागले. तुझ्या मॉडच्या पेजवर एकमेकांना इंग्रजी अक्षरांत ‘न्हाय’ लिहायचे, रामराम करावा तसे. मी वैतागायचो. जगाला चुकीचं मराठी शिकवतोयस म्हणायचो. तू म्हणायचास, "चुकीचा न्हाय मास्तर. आमचा."

तीन वर्षं आपण त्या एका शब्दावर भांडलो. मी म्हणायचो, बोलताना काहीही बोल, लिहिताना ‘नाही’ लिही. तू म्हणायचास, माझा कंडक्टर डोंगरीचा हाय, तो पुस्तकातला कशाला बोलेल? तुला मी कधी सांगितलं नाही, आज सांगतो. माझे वडील रत्नागिरीकडचे, ते शेवटपर्यंत ‘नाय’च म्हणाले. मीही शाळेत तेच लिहिलं होतं, तर बाईंनी वही सगळ्या वर्गाला दाखवली. पोरं आठवडाभर माझ्यामागे ‘नाय नाय’ करत फिरली. त्यानंतर मी कधी चुकलो नाही. तुझ्यावर चिडायचो तेव्हा तुझ्यावर चिडायचो का, ते आता मला ठाऊक नाही. तू मात्र हसून म्हणायचास, "एक दिवस तुझ्या तोंडातून न्हाय काढून दाखवतो की न्हाय बघ."

आणि मग डोंगरी. गाडी मोर्व्यालाच संपते याची तुला खंत होती. स्वतःचं गाव स्वतःच्या गाडीच्या वाटेवर नाही, हे तुला बरं वाटत नव्हतं. सहा महिने लागले. तुझ्या घराची ओटी केलीस, बाहेर टोपली घेऊन बसलेली आय केलीस. आयला दाखवलंस तर ती म्हणाली, मी एवढी जाडी हाय काय, आणि तू खरंच तिला बारीक केलीस. नेमक्या त्या आठवड्यात कारखान्यात तुला दोन-दोन पाळ्या लागल्या. आधी मी तुला फक्त बोर्डांची चित्रं करून द्यायचो, मजकूर तू स्वतः भरायचास. प्रत्येक स्टॉपची फाइल वेगळी; या वेळी तू डोंगरीची अख्खी फाइल पाठवलीस. "मास्तर, बोर्ड तूच भर. मी दमलोय."

रविवारी दुपारी मी ती फाइल घेऊन बसलो. ‘डोंगरी’ लिहिलं, ‘बर्फ कारखाना’ लिहिलं, घरांवरची नावं लिहिली. सगळं नीट, ऱ्हस्वदीर्घासकट. फाइलच्या तळाशी एकच शब्द वेगळा होता. पॅसेंजरचं उत्तर. ते मी कधी बदललं हे मला आठवत नाही, जयू, आईशप्पथ आठवत नाही. दुकानात दिवसातून पन्नास वेळा मी लोकांचं लिहिलेलं सुधारतो, विचारत नाही, बोट आपोआप जातं. तसंच गेलं असणार. ‘न्हाय’चं ‘नाही’ झालं, फाइल सेव्ह झाली आणि मी जेवायला उठलो.

तुझी पद्धत मला माहीत होती. माहीत होती, म्हणूनच मला तोंड दाखवायला जागा नाही. तूच एकदा कौतुकाने सांगितलं होतंस की दाराला कळण्यासाठी तू वेगळं काही लिहिलेलं नाहीस, पॅसेंजरच्या डोक्यावर जो शब्द उमटतो तोच दार वाचतं. "माणूस न्हाय बोलला की दार बंद. कंडक्टरला एवढाच कळतो." तुझ्या दाराला ‘नाही’ कळत नव्हतं. ते ‘न्हाय’ची वाट बघत उघडंच राहिलं.

पहिल्याच दिवशी तक्रारी आल्या. गाडी डोंगरीला पोचते, तू विचारतोस, पॅसेंजर उत्तर देतो, तू परत विचारतोस. परत. परत. दार काही लागत नाही. आठवडाभर लोक हसले. एकाने तुझ्या त्या विचारण्याचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ करून टाकला. मग हसणं संपलं आणि शिव्या सुरू झाल्या. एवढं साधं तपासता येत नाही का, फुकटचं देतो म्हणून काहीही देणार का. हे तीन वर्षं तुझी बस फुकट चालवलेले लोक.

दोन आठवडे तू शोधत होतास. पाळी संपवून यायचास, अंगाला अमोनियाचा वास, तसाच मशीनसमोर बसायचास. दार काढून परत बसवलंस, पॅसेंजर काढून परत बसवलास. एक दिवस भाईंदरच्या रिक्षा स्टँडजवळ आपण चहा पीत होतो, तेव्हा तू हळूच विचारलंस, "मास्तर, तू कायतरी बदललंस काय त्या फाइलीत?"

मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. मला तर रोज ऐकू येतं. "मी एक अक्षर चुकवलेलं नाही. तुझ्या कोडमध्ये बघ. जमत नसेल तर दुसऱ्यावर ढकलू नकोस." लोक बघायला लागले एवढ्या जोरात बोललो. आणि तू विश्वास ठेवलास. तू चिडून ती फाइल एकदा उघडली असतीस तर एका नजरेत सापडलं असतं तुला. पण मास्तरने बघितलंय म्हणजे त्यात चूक नसणार, असं धरून तू ती फाइल सोडून बाकी सगळं उकरलंस, पॅसेंजरच्या डोक्यावरचा शब्द रोजचाच म्हणून वाचलाही नाहीस. माझं बोलणं खरंही होतं, बघ. मी एक अक्षर चुकवलं नव्हतं. मी सुधारलं होतं.

उठताना तू म्हणालास, निदान लोकांना उत्तर तरी दे, तुझ्याकडेपण चावी हाय. तू मला कधीच पेजचा जोडमालक करून ठेवलं होतंस. मी म्हटलं, तुझी घाण तू निस्तर. हे माझे तुझ्याशी समोरासमोर बोललेले शेवटचे शब्द. याच्यापेक्षा हलकं काही मी आयुष्यात बोललो नसेन, आणि नेमकं तेच शेवटचं राहिलं.

त्यानंतर अठरा दिवस मी पेज उघडलं नाही. तुझा मेसेज आला, "ताप आलाय रं. पेजवर जरा लिही, काम चालू हाय म्हणून." मी वाचला. तुला निळ्या खुणा दिसल्या असतील. मी मनात म्हटलं, दोन दिवस राहू दे, जरा कळू दे. कशाची अक्कल शिकवत होतो मी तुला? तिसऱ्या दिवशी वंदनाचा फोन आला. तुझ्या बहिणीचा आवाज मी ओळखला नाही. दोनदा विचारलं, कोण बोलतंय?

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी पेज उघडलं. कुणी बरेच दिवस उत्तर दिलं नाही की ती साइट आपोआप एक शिक्का मारते. तुझ्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की हा मॉड बनवणाऱ्याने सोडून दिलेला आहे. त्याखाली एकाने लिहिलं होतं, "भाग गया क्या?" मी शिक्क्याकडे बघत बसलो. सोडून कोणी दिलं, जयू? चावी दोघांकडे होती. एकजण तापाने फणफणत असताना लिही म्हणून विनवत होता. दुसरा फुगून बसला होता.

बारावा झाल्यावर वंदनाने परत फोन केला. "आय कम्प्युटर बंद करू देत न्हाय. जरा येता काय?" मी गेलो. रिक्षा डोंगरीला वळली तेव्हा मला आधी तुझी गेममधली डोंगरी आठवली, मग खरी दिसली. तुझ्या खोलीत तुझी आय, मी तिला मावशी म्हणतो, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कोलंबी सोलत होती. समोर स्क्रीनवर बस उभी. दार उघडं. वंदनाने तिला आवाज ऐकवायला म्हणून चालवत आणलेली, ती तिथेच अडकलेली.

तू विचारलंस, "कोन ऱ्हायला हाय का?"

मावशी मान वर न करता म्हणाली, "न्हाय रं बाबा, न्हाय."

स्क्रीनवर पॅसेंजरच्या डोक्यावर शब्द उमटला. ‘नाही’. स्वच्छ, शुद्ध, दीर्घ ‘ही’. मी तो शब्द बघितला. तू परत विचारलंस. मावशी परत म्हणाली, न्हाय. परत उमटलं ‘नाही’. तीन-चार वेळा असं झालं असेल, आणि मग मी स्क्रीनजवळ जाऊन तो शब्द परत वाचला. तुझ्या गावात असं कुणी लिहीत नाही. तू असं मेलास तरी लिहिलं नसतंस. त्या खोलीत असं लिहिणारा एकच माणूस होता.

मी बोललो नाही. मावशी म्हणाली, जेवून जा, आणि मी जेवलो. तुझ्या ताटात, तुझ्या पाटावर, तुझ्या आयच्या हातची कोलंबी खाल्ली आणि तोंड उघडलं नाही. दुसरी वाढ घेऊ का विचारलं तर घेतलीसुद्धा. पोरगा गेलेल्या बाईला मी काय सांगणार होतो, की तो शेवटचे दिवस ज्या शिव्या वाचत होता त्या माझ्या होत्या?

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बसून मी तो शब्द बदलला. एक मिनिटही लागलं नाही. याच्यासाठी तू दोन आठवडे डोळे फोडले होतेस. नवीन फाइल चढवली आणि खाली लिहायला घेतलं, "चूक जयवंतची नव्हती. शब्द मी बदलला होता. जयवंत आता", आणि तिथे अडकलो. पुढचा शब्द मला लिहिता येईना. माझ्या पद्धतीने लिहायची लाज वाटत होती, तुझ्या पद्धतीने लिहायचा मला हक्क नव्हता. शेवटी लिहिलं, "जयवंत वारला. गाडी त्याचीच आहे." शिक्का संध्याकाळपर्यंत निघून गेला. कुणी लिहिलं, चला, सुटली एकदाची. कुणी विचारलं, कोण जयवंत? तिघाचौघांनी नुसतं ‘न्हाय’ लिहिलं, आणि ते वाचून मी दुकानाच्या मागे जाऊन उभा राहिलो. ‘भाग गया’वाल्याने स्वतःचं लिहिलेलं काढलं नाही.

तरी मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. तुझं नाव धुऊन काढलं असं वाटलं. रविवारी मी डोंगरीला निघालो, मावशीला सगळं सांगायचं ठरवूनच. दारातच वंदना म्हणाली, "गाडी सुटली. तुम्ही केलात काय?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नेट चालू असेल तिथे गेम नवीन फाइल आपोआप घेतो. जगभरच्या सगळ्या मशीनवर गाडी सुटली होती. तुझ्या मशीनवरसुद्धा. मी परत एकदा कुणाला न विचारता सुधारून ठेवलं होतं.

वंदनाने माझ्यासमोर गाडी चालवली. भाईंदर, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी. तू विचारलंस, "कोन ऱ्हायला हाय का?" पॅसेंजर म्हणाला, ‘न्हाय’. दार लागलं. स्क्रीनवर आलं, फेरी संपली. आणि खोलीत काही आवाज राहिला नाही. मावशीच्या मांडीवर कोलंबीचं भांडं होतं, हात त्यात तसाच.

मी खाली बसलो आणि सांगितलं. फाइल, शब्द, चहाच्या टपरीवरचं बोलणं, तापातला मेसेज, सगळं. तिला अर्धं कळलं असेल. ती ओरडली असती, हाकललं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, "लोकं आता त्याला शिव्या देत न्हाय ना?" मी म्हटलं, आता बंद झाल्या. मग माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "मावशी, तुमच्या मशीनवर मी जुनं परत घालून देतो. एका मिनिटाचं काम आहे. मग तो परत विचारत राहील."

तिने स्क्रीनवरच्या बंद दाराकडे बघितलं. म्हणाली, "नको मास्तर. किती वेळ विचारत उभा ऱ्हायचा त्यानं? दमला असंल पोर माझा."

वंदना उठून आत गेली. मावशीने एक कोलंबी उचलली, सोलली, भांड्यात टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे आता तो परत न्हाय विचारनार?"

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. आयुष्यभर तेच म्हणत आलोय. पण तोंडातून निघालं, "न्हाय, मावशी. न्हाय."

तीन वर्षं ज्या शब्दासाठी तू माझ्यामागे लागला होतास तो निघाला, जयू, आणि ऐकायला तू न्हाय.